झोपलेल्या माणसाची नाडी

तोरणे सरांविषयी कुणी गोड बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. परवा चर्चच्या हॉलमध्ये त्यांची शोकसभा झाली. एकेक जण उठत होता, रुमाल काढत होता, सरांनी आम्हाला सूर दिला, शिस्त दिली, असं म्हणत होता आणि बसत होता. बोलणाऱ्यांत आठ जण त्यांच्या क्वायरमधले. सगळ्या आयुष्यात एकाच दिवशी या माणसाला माणसं पाहिजे होती, आणि त्या दिवशी या आठांतलं एकही फिरकलं नव्हतं. मला बोला म्हणाले तेव्हा घसा बसलाय असं सांगून मी घरी आले. घसा चांगला ठणठणीत होता. पण तोंड उघडलं असतं तर आधी माझाच गुन्हा सांगावा लागला असता, आणि तो या आठांपेक्षा मोठा आहे.

मी मूळची केदारखेड्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. जालन्यात बदली झाली तेव्हा मिशन कंपाउंडच्या भिंतीला लागून दोन खोल्या मिळाल्या. भिंतीपलीकडे शमुवेल तोरणे, त्यांची बायको एस्तेरताई. सर दवाखान्यात वॉर्डमधले ब्रदर होते, म्हणजे पुरुष नर्स, आणि चर्चच्या क्वायरचे मास्तर. मी भांडी घासताना गायची. वडील जयंतीच्या गायन पार्टीत होते, त्यांचीच गाणी. एके सकाळी दार वाजलं. पांढरा हाफ शर्ट, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, असा एक उंच माणूस दारात.

"आत्ता कोण गाऊन राह्यलं होतं?"

"मीच. का, तरास झाला का?"

"एवढा खालचा सूर कुठून काढला?"

"कुठून म्हंजे? गळ्यातून."

"सोमवारी अन् गुरुवारी, सहा वाजता. चर्चच्या हॉलमधी."

"सर, आम्ही बौद्ध आहोत."

"म्या कुठं धर्म इचारला? मला आल्टो पाहिजे."

आल्टो म्हणजे बायकांमधला खालचा आवाज, हे मला नंतर कळलं. क्वायरमध्ये चार आवाज असतात. वरचा बायकांचा, तो चाल गातो. बाकीचे तिघं, अगदी तळाचा पुरुषांचा बास धरून, त्याच्या खाली आपापलं वेगळंच काहीतरी गात असतात, आणि ते वेगळं मिळून एक होतं. आपली ओळ एकटीच गायली तर येड्यासारखी वाटते. मी पहिल्या आठवड्यात म्हणालेसुद्धा, सर, हे काय गाणं आहे का, नुसतं एका जागी उभं राहून हुंकार भरणं. ते म्हणाले, "घराचं जोतं कधी कुणाला दिसतं का?"

हात मिळवायची त्यांची पद्धत न्यारी होती. हात हातात घ्यायचा आणि अंगठ्याजवळ दोन बोटं टेकवून नाडी मोजायची. लहान असो की कलेक्टर कचेरीतला साहेब. "अठ्ठ्याऐंशी. बाहेर कुणाशी भांडून आलात?" आणि बहुतेक वेळा आपण खरंच भांडून आलेलो असायचो. तालमीच्या दिवशी शेंगदाणे बंद, घशाला चिकटतात म्हणून. कुणी घाईत गायला लागलं की म्हणायचे, "बस गेली न्हाई अजून." रागावले तर ओरडायचे नाहीत. पेटीचं झाकण लावायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. ते झाकण लागलं की चौदा माणसं श्वास धरून बसायची, आणि कुणीतरी सॉरी सर म्हणेपर्यंत ते उघडायचं नाही.

आता कॅसेटचं सांगते. दवाखान्यात पूर्वी एक परदेशी डॉक्टरीणबाई होत्या. म्हाताऱ्या होऊन आपल्या देशी परत गेल्या, तेव्हा जाताना त्यांनी सरांना एक कॅसेट दिली. त्यांच्याकडच्या मोठ्या तबकडीवरून घरच्या टेपवर भरून घेतलेली. त्यात मेलेल्या माणसांसाठीची प्रार्थना, सबंध, पाऊण तासाच्या वर, चार आवाजांत आणि वाद्यांसकट. कुठल्यातरी चर्चमध्ये माणसं बसलेली असताना भरलेली होती, कारण सुरुवातीला, गाणं सुरू व्हायच्या आधी, कुणीतरी खोकतं. जड, खोल खोकला. सर म्हणायचे, "पहिल्या बाकावर म्हातारा बसलेला हाय. त्याचंच कुणीतरी गेलंय."

त्या गाण्याची भाषा सरांना येत नव्हती. त्यांनी कॅसेट पुढे-मागे करत एकेक आवाज कानाने वेगळा काढला, सहा वर्षं लावली, शब्द देवनागरीत उतरवले, अर्थ एका पाळकसाहेबांकडून घेतला. चार वह्या. सरांच्या हातची ती पातळ निळी अक्षरं अजून माझ्याकडे आहेत.

त्या गाण्याची लय फार संथ होती. अशी संथ की एक ओळ संपेपर्यंत माणसाने मनातल्या मनात भाजीला फोडणी द्यावी. पट्टीही खाली. बायका गात होत्या त्या निम्म्या पुरुषांसारख्या वाटायच्या. सरांनी त्यावर सगळं शास्त्र उभं केलं होतं. घड्याळ लावून त्यांनी लय मोजली होती, मिनिटाला बराबर साठ.

"साठ म्हंजे काय, मॅडम? झोपलेल्या माणसाची नाडी. रातपाळीला म्या हजार येळा मोजलीय. मेलेला माणूस आपल्यात झोपलेला असतो. त्याच्या लयीत गायचं. त्याला उठवायचं न्हाई."

"आणि आवाज इतके जड का?"

"दुःखानं आवाज खाली जातो. तुम्ही कुणाच्या मयताला किंचाळून बोलता का?"

मला ते पटलं होतं. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला होता. आमच्यात कुणी गेलं की आम्ही एका ठेक्यात वंदना म्हणतो, तीही अशीच सावकाश जाते.

गंमत पुढेच आहे. कॅसेटची पट्टी चर्चच्या पेटीत सापडेना. काळी पाचच्या वर आणि पांढरी सातच्या जरा खाली, मधेच कुठेतरी. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या, पांढरी सातात गाऊ. सरांनी जुन्या जालन्यातून पेटी दुरुस्त करणाऱ्या रहीमभाईंना बोलावलं आणि सगळेच्या सगळे सूर घासून कॅसेटला मिळवायला सांगितले. रहीमभाईंनी कॅसेट ऐकली, पेटी ऐकली आणि कानाची पाळी खाजवत म्हणाले, "सर, पेटी बराबर है. टेप उतरा हुआ है."

सरांनी तीन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी रहीमभाईंनी मुकाट्याने सूर घासून दिले.

झालं. त्या दिवसापासून आमची पेटी जगातल्या कुठल्याच वाद्याशी जुळेना. एकदा संभाजीनगरला क्वायरच्या स्पर्धेला गेल्तो. तिथल्या ऑर्गनवर वाजवणाऱ्याने आमच्या पेटीबरोबर सूर धरला आणि दोन्हींमधून अशी वळवळ निघाली की पहिल्या रांगेतल्या पोरांनी कान झाकले. सर शांतपणे उठले आणि परीक्षकांना म्हणाले, तुमचा ऑर्गन चढलाय, जरा दाखवून घ्या. आम्ही शेवटून पहिले आलो. येताना बसमध्ये एस्तेरताई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. सरही मग हसले, पण पेटी काही बदलली नाही.

एस्तेरताई आमचा वरचा आवाज. अंगाने किडकिडीत, बालवाडी चालवायच्या, आणि आवाज असा निघायचा की हॉलच्या पत्र्याला लागावा. सबंध क्वायर त्यांच्या खुंटीला टांगलेली. नवराबायकोत एकाच गोष्टीवरून भांडण, आणि ते दर तालमीला.

"अहो, जरा जल्दी घ्या ना. ह्या लयीत माझा श्वास पुरत न्हाई."

"श्वास पुरवावा लागतो. ते गाणारे पुरवून राह्यले ना?"

"ते खात काय असतील कुणास ठाऊक. माझा दम जातो हो, खरंच जातो."

"एस्तेर, झोपलेल्या माणसाची लय हाय."

"मंग झोपू द्या त्याला. मी चालले भाकरी टाकायला."

असं म्हणून त्या जायच्या नाहीत. पुन्हा उभ्या राहायच्या आणि ती लांबलचक ओळ, मध्येच चोरून श्वास घेत, पार टोकाला न्यायच्या. सरांना ते चोरलेले श्वास ऐकू यायचे. वहीत त्या जागी ते पेन्सिलीने बारीक फुली मारायचे.

त्यांनी ती प्रार्थना सबंध कधीच बसवली नाही. एखादा तुकडा मयताला, एखादा शुभ शुक्रवारी. चाळीस वर्षं कंपाउंडातल्या प्रत्येक मातीला सर क्वायर घेऊन उभे राहिले. गरीब असो, दारुडा असो, महिनोन्महिने चर्चला न आलेला असो. गाण्याशिवाय कुणाला खाली ठेवायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

आणि एस्तेरताई गाण्याशिवाय गेल्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. अकरा दिवस ऑक्सिजनवर होत्या. सर निवृत्त झालेले, पण सगळा जन्म ज्या वॉर्डात काढला त्याच्या दारातसुद्धा त्यांना कुणी उभं राहू दिलं नाही. राहू न देणाऱ्याचीही चूक नव्हती. मातीला चार माणसं प्लास्टिकच्या कपड्यांत, पाळकसाहेब लांबून दोन वाक्यं बोलले, सर फाटकाबाहेर. तिथून त्यांनी गायला तोंड उघडलं तर कर्मचारी ओरडला, मास्क लावा म्हणून. त्यांनी लावला.

त्यानंतर ते सहा महिने कुणाच्या नाडीला हात लावत नव्हते. मग एके दिवशी भिंतीपलीकडून हाक आली. "मॅडम, सबंध बसवायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिच्यासाठी."

पंच कमिटीने चर्चमध्ये गायला नकार दिला. आपल्या पंथात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, गेलेला देवाच्या हवाली झाला, त्याच्यासाठी मागायचं काय, असं त्यांचं म्हणणं. सर म्हणाले, बराबर हाय. मी मागून राह्यलो न्हाई, जे द्यायचं राहिलं ते देऊन राह्यलो. शेवटी असं ठरलं की तिच्या स्मरणदिनी कब्रस्तानात गा. पुढच्याच वर्षी नाही जमलं, त्याच्या पुढच्या वर्षी नक्की झालं. क्वायरमध्ये तोवर दहाच माणसं उरली होती, सरांना धरून. बाकीची पुण्याला, नाशिकला. वरच्या आवाजाला रिबिका, नर्सिंगची पोरगी, गोड गळा, पण एस्तेरताईंच्या अर्धीही पोच नाही. खालच्या पट्टीमुळे तिला जेमतेम जमत होतं. चार महिन्यांत निम्म्याच्या वर बसलं. सर पुन्हा नाडी मोजायला लागले होते. माझी चौऱ्याहत्तर भरली तर म्हणाले, "झक्कास."

आणि मी माती खाल्ली.

कॅसेट घासून गेली होती. मधला एक भाग तर नुसता खरखर. मला वाटलं, या माणसाला काहीतरी द्यावं. कॅसेटच्या कागदावर डॉक्टरीणबाईंनी गाणाऱ्यांची नावं लिहिली होती, त्यांवरून तेच गाणं मी भाच्याकडून मोबाईलवर शोधून घेतलं. तीच माणसं, तेच चर्च, तीच तबकडी. मी ऐकूनसुद्धा पाहिली नाही, एवढी अक्कल. थेट गुरुवारी तालमीला स्पीकर जोडला आणि म्हणाले, सर, डोळे मिटा.

आधी खोकला आला. तोच, पण म्हाताऱ्याचा नव्हता. बाईचा होता, तरण्या बाईचा, बारीक आणि स्वच्छ. मग गाणं सुरू झालं आणि ते चालत होतं. पळत नव्हतं, पण चालत होतं, पायांनी. बायकांचे आवाज बायकांचे होते. पट्टी चांगली तीन सूर वर.

मी बंद करायला गेले तर सरांनी हात धरला. घड्याळ बघत पाच मिनिटं ऐकलं. मग पेटीचा एक सूर दाबून पाहिला. त्या गाण्यात तो कुठेच बसत नव्हता.

"पांढरी दोन," ते म्हणाले. "अन् बहात्तर."

कुणीतरी हसलं. कोण ते मी सांगणार नाही, परवाच्या सभेत ती व्यक्ती रडली. "म्हंजे सर, आपला टेपच हळू चालत होता? इतकी वर्षं?"

सरांनी झाकण लावलं नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "एस्तेर काय म्हणायची, मॅडम?"

सगळ्यांना माहीत होतं ती काय म्हणायची.

"जरा जल्दी घ्या म्हणायची. दम जातो म्हणायची. तीस वर्षं सांगून राह्यली होती बिचारी." मग ते उभे राहिले आणि वॉर्डात बोलायचे तसे, अगदी कोरड्या आवाजात बोलायला लागले. "बहात्तर म्हंजे जाग्या माणसाची नाडी. हे झोपलेल्याचं गाणं न्हाईच. हे मागं राहिलेल्यांचं हाय. त्यांनी जागं राहावं म्हणून. अन् म्या तिला टेपच्या एका मोटारीच्या चुकीपायी तीस वर्षं श्वास कोंडून गायला लावलं. अन् शेवटी तिचा श्वासच..."

मला त्या क्षणी तो मोबाईल जमिनीवर आपटावासा वाटला. आजही वाटतो. एस्तेरताई कशाने गेल्या हे त्यांना कळत नव्हतं का? वॉर्डात जन्म काढलेला माणूस. पण दुःखाला वैद्यकी शिकवून उपयोग नसतो. त्यांच्या मनात दोन श्वास एक झाले ते झालेच.

मी रडले, हात जोडले. सर, जसं बसलंय तसंच गाऊ, आपल्या एस्तेरताई तेच गायच्या. ते म्हणाले, "न्हाई. तिला चुकीचं चालणार न्हाई आता. तिच्या लयीत गायचं." स्मरणदिनाला पाच आठवडे होते.

पेटी निरुपयोगी झाली, म्हणून सर तोंडाने सूर द्यायचे. रोज तालीम. चाळीसच्या पुढची माणसं, ज्यांच्या हाडांत साठची लय बसली होती, ती बहात्तरमध्ये एकमेकांवर आदळायची. वरचा सूर रिबिकाला लागेना. तीन सूर वर म्हणजे जिना संपल्यावर अजून तीन पायऱ्या चढ म्हणण्यासारखं. सर, जे कधी ओरडले नव्हते, ते तिच्यावर ओरडले. "एस्तेरला विनासायास लागला असता." पोरीने वही खाली ठेवली. "मंग त्यांनाच बोलवा," म्हणाली आणि निघून गेली. वीस वर्षांची पोर, तिचा राग मला येत नाही. सर फाटकापर्यंत तिच्यामागे गेले, माफी मागितली. ती आली नाही. ती गेली आणि चालच गेली. खाली जोतं तेवढं राहिलं.

मग एकेकाची कारणं. मोसंबीचा तोडा, भोकरदनला लग्न, गुडघा, मुलाची परीक्षा. कुणी खोटं बोलत नव्हतं, हेच वाईट. माणसं थकली होती आणि एका म्हाताऱ्याच्या दुःखाला किती दिवस खांदा द्यायचा हे कुणी ठरवून दिलेलं नसतं. आदल्या दिवशी सरांनी घरोघर जाऊन सांगितलं, "उभे राहा नुसते. चुकलं तरी चालंल." चुकलं तरी चालेल, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. सगळे येतो म्हणाले.

सकाळी सातला मी कब्रस्तानात गेले. सर आधीच उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशा कातरलेल्या, प्रत्येकाची एक अशा दहा वह्या एका ओळीत कबरीच्या फरशीवर मांडलेल्या. साडेसात झाले. आठ झाले. ऊन चढलं. फाटकापाशी शेळ्या घेऊन एक बाई थांबली, तिला वाटलं मयत आहे, तिने पदर डोक्यावर घेतला.

"फोन लावू का सर?"

"नका."

त्यांनी आठ वह्या उचलून एकावर एक ठेवल्या. त्यांची नाशिकची लेक अकरा वाजता गाडी घेऊन येणार होती. इथलं घर रिकामं करायचं ठरलं होतं, आणि त्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलं नाही. म्हणून हे सगळं मला मिनिटामिनिटाने लक्षात आहे.

"आपण दोघं गाऊ," ते म्हणाले. "तुमचा आल्टो, माझा बास."

"सर, वरचा आवाज न्हाई. चालच न्हाई."

"माहीत हाय."

त्यांनी तोंडाने पांढरी दोन दिली. बहात्तरच्या लयीत हात सुरू झाला. आम्ही गायलो. जोतं गायलो, नुसतं जोतं, त्याच्यावर भिंत नाही आणि छप्पर नाही. शेळ्यांवाली बाई थोडा वेळ ऐकून गेली, तिला ते गाणं वाटलंच नसणार. मला मध्येमध्ये हुंदका येत होता आणि सर हाताने खूण करत होते, पुढे चला, पुढे चला. ते एकदाही चुकले नाहीत. सूर नाही, शब्द नाही.

मग ती जागा आली जिथे बाकी सगळे थांबतात आणि वरचा आवाज एकटा आठ मात्रा गातो. आम्ही थांबलो. सरांचा हात चालू राहिला. ते कबरीकडे बघत होते, मान जरा कलती करून, तालमीत ऐकायचे तशी. मी मनात मोजलं. आठ झाल्या, माझी जागा आली, मी श्वास भरून घेतला आणि त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला त्याच्या जागी खूण द्यायची चुकवली नव्हती. त्यांनी खूण दिली नाही. हात तसाच चालत होता, न पळता, न रेंगाळता. नऊ, दहा, सोळा. मी घेतलेला श्वास हळूच सोडून दिला आणि वही मिटली. त्यांना काही ऐकू येत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी पुष्कळ कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही.